दांडा अडकला, कांदा अडकला: जुन्या ट्रॅक्टरचा माझा अनुभव

‘सुटं मिळत नाही, पूर्ण असेंब्लीच येते.’ हे वाक्य गेल्या हिवाळ्यात इतक्यांदा ऐकलं की आता कुणी ‘असेंब्ली’ (म्हणजे सगळे भाग जोडलेला एकच संच) म्हटलं तरी माझं डोकं तडकतं. म्हणून हे लिहून ठेवतोय. ज्यांच्याकडे वीस-तीस वर्षं जुना ट्रॅक्टर आहे, त्यांच्या कामाला येईल.

आमचा ट्रॅक्टर १९९४ चा, ३५ एचपीचा. आठ गिअर पुढचे, दोन मागचे, आणि बाजूला हाय-लोचा, म्हणजे जलद-संथ गती निवडायचा छोटा दांडा. आमच्या निफाड तालुक्यातली थंडी म्हणजे चेष्टा नाही. पारा पाच अंशांच्या खाली जातो, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसतात. अशाच एका सकाळी लाल कांद्याची ट्रॉली लासलगावच्या लिलावाला काढली होती. नाल्याच्या चढाला तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो, कर्रकर्र वाजलं आणि गिअरचा दांडा हातात ढिला पडला. इकडे हलवा, तिकडे हलवा, कुठंच लागेना. क्लच सोडला की इंजिन धाडकन बंद. क्लच दाबून ढकलावं तर मागची चाकं जाम. शिवरस्ता एकच, त्यात मागे दुधाची पिकअप आणि आणखी ट्रॉल्या उभ्या.

जमलेल्या प्रत्येकाकडे निदान तयार होतं. कुणी म्हणे क्लच प्लेट चिकटली, कुणी म्हणे दात गेले. गावातल्या मिस्तरीने तर फोनवरच निकाल दिला, ‘मधून फोडावा लागेल भाऊ, पंधरा-वीस हजार धरून चाला.’ फोडणं म्हणजे ट्रॅक्टर मधोमध खोलून दोन भाग वेगळे करणं. तेही न बघता! शेवटी शेजारचे आबा आले, बघितलं आणि म्हणाले, ‘अरे, हाय-लो मधे आण की आधी.’ चाकांना दगड लावले, छोटा दांडा न्यूट्रलला आणला, आणि चाकं सुटली. ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडून लिलावाला गेली, आमचा ओढून शेडमध्ये आणला. दगड लावायला मात्र विसरू नका. चढावर हाय-लो सुटला की ट्रॅक्टर मागे येतो, तेव्हा ब्रेकवर पाय असलाच पाहिजे.

फोडायला परवानगी देण्याआधी एवढं तपासा. क्लच पूर्ण दाबूनही ट्रॅक्टर पुढे सरकतोय, गिअर घालताना दात घासतायत, तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) चिकटलेली असू शकते; दमट शेडमध्ये बरेच दिवस उभा असला की हे होतं. क्लच दाबल्यावर चाकं मोकळी फिरतात पण गिअर निघत नाही, तर तो एकाच गिअरमध्ये अडकलाय. आणि क्लच दाबूनही चाकं जाम, पण हाय-लो न्यूट्रलला आणल्यावर मोकळी, म्हणजे एकाच वेळी दोन गिअर पडलेत. दोन वेगळ्या गतीचे गिअर एकत्र लागले की आतला शाफ्ट कुठंच फिरू शकत नाही. आमचं हे तिसरं होतं.

दांड्याखालचं झाकण उघडणं अवघड नाही. बॅटरीची वायर काढली, वरची माती ब्रशने झाडली, बोल्ट काढले आणि झाकण दांड्यासकट वर उचललं. आत शिफ्टरच्या, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या भागांच्या खाचा दिसतात. सगळे गिअर न्यूट्रलला असले की त्या एका ओळीत येतात. आमची एक खाच पुढे गेलेली, शेजारची मागे. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने हळूच रेटली, टक्क आवाज झाला, ओळ सरळ. पाच मिनिटांचं काम. स्क्रू ड्रायव्हरला सुतळी बांधून ठेवा आणि उघड्या भागावर फडकं टाका. नट आत पडला तर मग खरंच फोडावा लागेल.

कारण दांड्याच्या टोकाला दिसलं. खालचं बोंड एका बाजूने झिजून चपटं झालेलं. असं टोक एका खाचेत नीट बसत नाही, दोन खाचांच्या मध्ये घुसतं आणि दोन्ही शिफ्टर ढकलतं. म्हणजे पाहिजे होता फक्त एक दांडा. आणि इथून पुढे माझी खरी परीक्षा सुरू झाली.

तालुक्याच्या शोरूममधल्या पार्टच्या काउंटरवर गेलो. तिथल्या पोराने माझ्या हातातल्या दांड्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘काका, चेसिस नंबर.’ तो आम्हाला कुठला पाठ? घरी आलो. नंबरच्या पट्टीवर तीनदा रंग मारलेला. रॉकेल लावून घासलं तर एक आकडा तीन की आठ कळेना. शेवटी आरसी बुकात मिळाला. तेव्हा जाताना आरसी बुकाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊनच जा, घासत बसू नका.

नंबर दिला. मग एक फॉर्म. शेवटची सर्व्हिसिंग कधी केली? तास-मीटरचं रीडिंग किती? वॉरंटी आहे का? ट्रॅक्टर १९९४ चा, तास-मीटर कधीचं मेलेलं. पोरगा म्हणाला, ‘काहीतरी आकडा टाका, त्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही.’ टाकला. सिस्टीम पुढे गेली आणि म्हणाली, दांडा सुटा बंद झाला, आता झाकण, दांडा, स्प्रिंग, वाटी सगळं मिळून एकच नग येतो. मी दांड्याचं टोक काचेवर ठेवलं. ‘एवढंच झिजलंय, बाकी झाकण ठणठणीत आहे.’ त्याने परत स्क्रीनकडे बघितलं. ‘सिस्टीमला असंच दाखवतंय.’

पाचशे रुपये ॲडव्हान्स भरून ऑर्डर टाकली, कारण दुसरा मार्ग दिसत नव्हता. मग रोजचा फोन. नाशिकहून निघालंय. नाशिकला नव्हतं, पुण्याहून मागवलंय. गाडी भरली नाही म्हणून थांबलंय. वर्षअखेरची स्टॉक मोजणी चालू आहे. प्रत्येक वेळी ‘उद्या नक्की’. इकडे कांदा काढून शेतात पडलेला, भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला आमच्यासाठी वेळ नाही, कारण हंगामात तो सगळ्यांनाच हवा असतो. वैतागून सर्व्हिसच्या साहेबांना भेटलो. त्यांनी फार प्रेमाने खुर्ची दिली आणि म्हणाले, ‘तुम्ही असं करा, ट्रॅक्टर इकडे घेऊन या, जॉब कार्ड उघडू.’

‘अहो साहेब, गिअरचा दांडा माझ्या पिशवीत आहे. आणू कसा?’

‘मग टोइंगचं बघा काहीतरी.’

त्या दिवशी दुपारी मी तो दांडा घेऊन सरळ आमच्या गावच्या वेल्डरकडे गेलो. त्याने टोकावर भरणी केली, गार होऊ दिलं आणि घासायला घेतलं. मी खाचेचं माप पुठ्ठ्यावर कापून नेलं होतं. टोक खाचेत अलगद बसलं पाहिजे, किंचित हललं पाहिजे, पण दोन खाचांमध्ये शिरायला नको. मापाशिवाय गेलात तर तो अंदाजाने जाड ठेवतो आणि दांडा उलट जास्त अडकतो. खर्च तीनशे रुपये. संध्याकाळी झाकण बसवलं, पॅकिंग नवीन कापून लावलं, आणि सगळे गिअर एकेक करून पडले. खरं सांगतो, शेडमध्ये एकटाच हसलो.

ऑईलचं सांगायचं राहिलं. झाकण उघडलं तेव्हा आतलं ऑईल ताकासारखं पांढुरकं झालं होतं. दांड्याचं रबर फाटलेलं, पावसाळ्यात ट्रॅक्टर उघड्यावर उभा, त्यामुळे पाणी आत. पाण्याने शिफ्टरच्या दांड्या गंजून जड चालतात आणि थंडीत घट्ट ऑईलमुळे ते जास्त जाणवतं. रात्रभर उभा ठेवून सकाळी स्टार्ट करण्याआधी गिअरबॉक्सच्या खालचा नट जरासा सैल करा. पाणी तळाला बसलेलं असतं, तेच आधी येतं. आमचं बरंच आलं, मग सगळंच ऑईल बदललं. दुकानदार ‘आवाज कमी होतो’ म्हणून ९० ऐवजी १४० नंबरचं गळ्यात मारतात. पुस्तकात ९० लिहिलं असेल तर ९०च घाला. १४० थंडीत आणखी घट्ट होतं. रबराच्या जागी मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढून तारेने आवळला आहे.

सकाळी स्टार्ट केल्यावर न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडा वेळ चालू द्या. क्लच दाबून धरलात तर इंजिन गरम होतं, गिअरबॉक्स थंडच राहतो.

त्या असेंब्लीचा फोन अजून आलेला नाही. ॲडव्हान्स परत मागितला तर म्हणतात पावती आणा. पावती त्यांनी दिलीच नव्हती, सिस्टीम बंद होती म्हणे.