भोरडीच्या डोळ्याजवळची गोचीड

गेल्या जानेवारीत निफाड तालुक्यातल्या मामेभावाच्या द्राक्षबागेत गेलो होतो. घडांत साखर उतरू लागली होती आणि बागेवर पक्षीजाळी पसरलेली होती. त्या जाळीत एक भोरडी, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे येणारी गुलाबी मैना, पंखाने गुरफटून लोंबकळत होती. कात्रीने चार-पाच धागे कापून तिला मोकळे केले, तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याच्या कडेला, पापणीला अगदी लागून, बाजरीच्या दाण्याएवढे दोन करडे, फुगीर ठिपके दिसले. मला आधी ते देवीचे फोड वाटले. भावाचे आयुष्य गोठ्यात गेलेले, त्याने लांबूनच सांगितले, "फोड कसले, गोचीड आहे ती." चष्मा पुसून पाहिले तर एका ठिपक्याखाली बारीक पाय हलत होते. उभी हयात प्राणिशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावे लागले, याची थोडी लाज वाटली.

गोचीड डोळ्याजवळच का, याचे उत्तर सोपे आहे. पक्षी दिवसाचा बराच वेळ चोचीने पिसे साफ करतो. पण डोळ्याची कड, कानाचे भोक आणि चोचीचे मूळ या जागी स्वतःची चोच पोहोचत नाही, आणि गोचीड तिथेच टिकते. पक्ष्यांवर बहुधा लहान वयाच्या गोचिडी सापडतात, त्यामुळे दुर्बिणीतून त्या सहसा दिसत नाहीत. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात मी इतकी वर्षे जातो आहे, पण एवढ्या जवळून हा प्रकार प्रथमच पाहिला.

संध्याकाळपर्यंत घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो फोटो फिरला, आणि कुणीतरी 'परदेशी पक्ष्यांमुळे लाइम रोग पसरतो, सावध राहा' असा संदेश त्याला जोडला. संदेश अगदीच खोटा नव्हता, म्हणूनच तो खोडणे अवघड गेले.

लाइम हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातले एक गाव; गोचीड चावून होणाऱ्या या रोगाला नाव त्याचेच. १९७५ च्या सुमारास तिथल्या मुलांचे गुडघे एकामागून एक सुजू लागले, आणि पॉली मरे यांच्यासारख्या आयांनी नोंदी ठेवून आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला, तेव्हा डॉ. ॲलन स्टीअर यांनी या दुखण्याचा अभ्यास हाती घेतला. पुढे संशोधक विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात मळसूत्रासारखे पिळदार जिवाणू आढळले. १९८२ मध्ये ते जाहीर झाले आणि जिवाणूला त्यांचेच नाव मिळाले, बोरेलिया बर्गडॉर्फेराय. हा रोग वाहणारी गोचीड आयुष्यात तीनदाच जेवते: सहा पायांची अळी असताना, आठ पायांची अर्भक-गोचीड असताना आणि पूर्ण वाढ झाल्यावर. अंड्यातून निघालेली अळी साधारणपणे निर्दोष असते. पहिल्या जेवणात, बहुतेक वेळा पांढऱ्या पायांच्या उंदराच्या रक्तातून, जिवाणू तिच्यात शिरतो आणि पुढच्या जेवणात माणसाला मिळतो. हरणांची भूमिका यात वेगळी आहे. मोठ्या गोचिडी हरणांवर पोसल्या जाऊन त्यांची संख्या बेसुमार वाढते, पण हरणाच्या रक्तात हा जिवाणू टिकत नाही.

पक्षी या साखळीत दोन प्रकारे येतात. युरोपात बोरेलिया गॅरिनाय ही जात पक्ष्यांच्या रक्तात व्यवस्थित तग धरते, तर उंदरांत राहणारी बोरेलिया अफझेलिआय पक्ष्यांच्या रक्तात मरते. म्हणजे पालापाचोळ्यात चरणारे कस्तुरासारखे पक्षी केवळ हमाल नव्हेत, काही जिवाणूंचे ते घरमालकही आहेत. दुसरे काम अर्थातच वाहतुकीचे. कॅनडातल्या संशोधकांच्या अंदाजानुसार दर वसंतात स्थलांतरित पक्ष्यांबरोबर ५ कोटी ते साडेसतरा कोटी गोचिडी त्या देशात उतरतात. हा आकडा वाचल्यावर कुणाचीही झोप उडेल, हे मी मान्य करतो.

पण उतरणे निराळे आणि नांदणे निराळे. रक्त पिऊन गळून पडलेल्या गोचिडीला पुढचे कित्येक महिने जमिनीलगत, ओलसर पाचोळ्यात काढावे लागतात. लाइम वाहणाऱ्या इक्सोडीस जातींना कोरडी हवा मुळीच सोसत नाही. एप्रिलमध्ये चाळीस अंशांवर तापणाऱ्या निफाडच्या रानात त्यांचा निभाव लागणे कठीण. शिवाय साधा हिशेब करा. भोरड्या मध्य आशियाकडून आपल्याकडे जुलै-ऑगस्टपासूनच येऊ लागतात. गोचीड एका जेवणाला काही दिवस, फार तर काही आठवडे चिकटून राहते. मग जानेवारीत डोळ्याजवळ फुगलेली ती गोचीड कझाकस्तानातून कशी येईल? ती इथल्याच मातीतली असणार.

पक्ष्यांवरचा हा संशय आपल्याकडे नवा नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधलेला तो विषाणू रशियातल्या गोचीड-तापांच्या विषाणूंचा नातेवाईक निघाला, तेव्हा सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनीच तो आणला असावा, असा तर्क झाला. त्याचा छडा लावण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्ष्यांच्या पायात वाळे घालण्याची मोहीम सुरू केली. हजारो पक्षी पकडले गेले, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी गोळा झाल्या; पण हा विषाणू पक्ष्यांनी आणला हे काही सिद्ध झाले नाही. स्थलांतराची माहिती मात्र भरपूर हाती लागली. या रोगात हरणाची जागा आपल्या गुरांनी घेतली आहे: जंगलात चरायला सोडलेल्या गुरांवर मोठ्या गोचिडी पोसल्या जातात, विषाणू मात्र गुरांत टिकत नाही. हाच माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात डोके वर काढता झाला.

लाइमचे तुरळक रुग्ण भारतातही नोंदले गेले आहेत, त्यामुळे काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. गोचीड चिकटली तर बारीक चिमट्याने तोंडाजवळ, त्वचेला लागून धरून सरळ वर ओढावी. रॉकेल ओतणे, उदबत्तीचा चटका देणे हे आमच्याकडचे उपाय टाळावेत. लाइमचा जिवाणू गोचिडीच्या आतड्यातून लाळेत यायला बहुधा एक दिवसाहून अधिक काळ लागतो, म्हणून लवकर काढण्याला किंमत आहे. पुढच्या महिनाभरात त्या जागी लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला, तर गोचीड चावल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सुरुवातीलाच दिलेले डॉक्सिसायक्लिनसारखे औषध चांगले लागू पडते.

भोरडीला मी उघड्या हाताने धरले होते, ही माझी चूक. हात साबणाने धुतले ते नंतर. ती जवळच्या बाभळीवर जाऊन बसली आणि पिसे साफ करू लागली. भावाने मात्र अंधार पडण्यापूर्वी टॉर्च घेऊन गोठ्यातल्या गायीचे कान तपासले. उजव्या कानात सात निघाल्या, डाव्यात अकरा.