पेनड्राइव्ह रिकामा आणि म्हणे फाइल मोठी

रविवारी सकाळी आत्याचा फोन. "अरे, पोरीच्या लग्नाचं शूटिंग टीव्हीवर बघायचंय, पण ते पेनड्राइव्हमधे जाईना झालंय, दुकानदार म्हणतो पेनड्राइव्ह डुप्लिकेट आहे, नवा ६४ चा घ्या." म्हटलं थांब, काही घेऊ नकोस, संध्याकाळी येतो. (आत्याकडे गेलं की धपाटे मिळतात, हे पण कारण होतंच.)

जाऊन बघतो तर शूटिंगवाल्याने हार्ड डिस्कवर एकच एमपी४ फाइल दिलेली, २ तास ४० मिनिटांची, ११.३ जीबी. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, कोरा करकरीत, २९ जीबीच्या वर जागा मोकळी. तरी कॉपी मारली की लॅपटॉप म्हणतो, डेस्टिनेशन फाइल सिस्टिमसाठी फाइल फार मोठी आहे. आता घरचा माणूस त्यातलं "फाइल सिस्टिम" वाचतच नाही, त्याला "फार मोठी" एवढंच दिसतं आणि तो पिशवी घेऊन दुकानाकडे निघतो.

तर भानगड जागेची नाहीच. फाइल सिस्टिम म्हणजे ड्राइव्हवर फाइली कशा मांडायच्या आणि नोंदवायच्या याची पद्धत. तो पेनड्राइव्ह त्यातल्या फॅट३२ नावाच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि फॅट३२ प्रत्येक फाइलची जी नोंद ठेवतं, नाव, तारीख, साइज वगैरे, त्यात साइज लिहायला फक्त ३२ बिट, म्हणजे शून्य-एकची ३२ घरं दिलीत. त्यात मावणारा मोठ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. गोदाम रिकामं पडलंय पण पावतीपुस्तकात आकडा लिहायला घरंच कमी, म्हणून माल परत, तसं. फॅट३२ आलं १९९६ मधे, विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर, तेव्हा अख्खी हार्ड डिस्कच एक-दोन जीबीची असायची, एकच फाइल ४ जीबीची होईल असं कोणाच्या स्वप्नात यायचं कारण नव्हतं. त्याच्या आधीच्या फॅट१६ मधे तर पार्टिशनच २ जीबीच्या वर जायचं नाही.

मग लोक अजून तेच का वापरतात? कारण ते सगळीकडे चालतं. टीव्ही, गाडीचा स्टिरिओ, सेटटॉप बॉक्स, सगळे फॅट३२ वाचतात. मायक्रोसॉफ्टने २००६ मधे एक्सफॅट नावाची नवी फाइल सिस्टिम काढली, त्यात ही ४ जीबीची कटकट नाही, पण ते वापरायला लायसन लागायचं. त्याचं स्पेसिफिकेशन खुलं केलं २०१९ मधे, मग ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात (कर्नलमधे) आलं. टीव्हीच्या आत बऱ्याचदा लिनक्सच असतं, त्यामुळे जुने टीव्ही एक्सफॅट बघून तोंड फिरवतात. आत्याचा टीव्ही बारा वर्षांचा. दुकानदाराचं ऐकून ६४ चा घेतला असता तर गंमत झाली असती, कारण ते बऱ्याचदा एक्सफॅट करूनच येतात, म्हणजे फाइल आरामात कॉपी झाली असती आणि टीव्हीवर काहीच दिसलं नसतं.

एक हिशोब कायम डोक्यात ठेवा. व्हिडिओची साइज रिझोल्युशनवर ठरत नाही, बिटरेट (म्हणजे दर सेकंदाला किती डेटा लागतो) गुणिले वेळ, बास. आत्याची फाइल साधारण १० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १० मेगाबिटची होती, म्हणजे ४ जीबीत ५७ मिनिटं. ५० एमबीपीएसने शूट केलं तर तेच ४ जीबी साडेअकरा मिनिटांत संपतात. मिनीडीव्ही या छोट्या कॅमेरा-टेपच्या जमान्यात तासाला १३ जीबी लागायचे, आणि टेपवरचं फॅट३२ च्या डिस्कवर उतरवायला लावून चहाला गेलं की वीस मिनिटांच्या आत मामला खलास. म्हणूनच फॅट३२ कार्डवर कॅमेरे ४ जीबी झाले की क्लिप तोडून नवी सुरू करतात. डीव्हीडीत तर व्हिडिओचे १ जीबीचे तुकडेच (व्हीओबी फाइली) असायचे, ते आठवत असेल.

(२९ मिनिटं ५९ सेकंदांनी बंद पडणारे कॅमेरे, तो प्रकार वेगळा बरं का. युरोपात ३० मिनिटं सलग रेकॉर्ड करणाऱ्याला व्हिडिओ कॅमेरा धरून जास्त ड्यूटी लावायचे म्हणून कंपन्या एक सेकंद आधीच थांबवायच्या. लोक दोन्हीची खिचडी करतात.)

असो, परत धपाट्यांकडे, म्हणजे पेनड्राइव्हकडे. आधी एक्सफॅट करून पाहिलं, टीव्ही ढिम्म. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम, बऱ्याच टीव्हींना चालते म्हणून तेही केलं, हा पठ्ठ्या तेही वाचेना. मग मी शहाणपणा केला, सेवन-झिप या फाइली दाबायच्या-तोडायच्या सॉफ्टवेअरने फाइलचे तीन तुकडे पाडले. एकही चालेना! लगेच डोक्यात प्रकाश पडला, एमपी४ मधे कुठली फ्रेम कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते, मूव्ह म्हणतात तिला, आणि ती बऱ्याचदा फाइलच्या शेवटी लिहिलेली असते. नुसती कुऱ्हाड चालवली की पहिल्या तुकड्यात अनुक्रमणिका नाही आणि शेवटच्या तुकड्यात आहे पण पानं गायब. (रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली की अख्खी क्लिप उघडत नाही, ते पण यामुळेच.)

बरोबर पद्धत म्हणजे व्हिडिओ कळणाऱ्या सॉफ्टवेअरने कापायचं. मी एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरने कॉपी मोडमधे कापलं, त्यात परत एन्कोड होत नाही, क्वालिटी तीच राहते आणि दोन-चार मिनिटांत काम होतं, फक्त कट की-फ्रेमवरच (अधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्रावरच) पडतो म्हणून सेकंदभर इकडेतिकडे. हँडब्रेक नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने बिटरेट कमी करून एकच छोटी फाइल पण करता आली असती, पण आत्याच्या लॅपटॉपवर ते रात्रभर चाललं असतं, आणि शालूचं जरीकाम खराब दिसलं असतं तर मला परत धपाटे मिळाले नसते.

कुठे कापायचं ते आत्यालाच विचारलं. ती म्हणाली साखरपुडा आणि हळद एक, सीमांतपूजन एक, मंगलाष्टकं ते सप्तपदी एक, आणि पंगत-वरात शेवटी. चारही ४ जीबीच्या आत बसले. नावं मराठीत दिली तर टीव्हीवर नुसते चौकोन दिसले, म्हणून १, २, ३, ४ एवढंच ठेवलं.

काल फोन आला. चार नंबरचा भाग तिसऱ्यांदा बघून झाला म्हणे. पंगतीत कोण कोण न जेवता गेलं त्याची यादी चाललीय.