चित्रेच्या सरळ खाली

आमच्या बॅचच्या वाट्याला दुर्बीण आली ती हॅलेच्या धूमकेतूमुळे. १९८६ साली तो येणार म्हणून विज्ञानाच्या सरांनी सहा इंची आरसा घरीच कार्बोरंडमच्या पुडीने घासून तयार केला आणि नळी-स्टँड उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून करून घेतलं. धूमकेतूने तशी निराशाच केली. दुर्बीण मात्र शाळेच्या गच्चीवर राहिली.

तिला मोटार नव्हती. ओळखीच्या ताऱ्यापासून निघायचं आणि नकाशा बघत एकेक तारा गाठत पुढं सरकायचं. ज्येष्ठा सापडली की पश्चिमेला सव्वा अंशावर एम ४ हा तारकागुच्छ, म्हणजे फाइंडरच्या (नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीच्या) एकाच वर्तुळात दोन्ही. देवयानी दीर्घिकेला जरा लांबची वाट: महाश्वाच्या चौकोनातून मिराक हा तारा, तिथून दोन मंद तारे चढायचे. फाइंडरमध्ये सगळं उलटं दिसायचं, त्यामुळे वर-खाली, डावं-उजवं यावरून आमची भांडणं जुंपायची. सर मध्ये पडायचे नाहीत. दिसत नाही अशी तक्रार केली की एवढंच म्हणायचे, "थेट बघू नको रं, जरा कडेला बघ." डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यावर अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी नसतात, म्हणून अंधूक तेजोमेघ तिरक्या नजरेलाच सापडतो. हे कारण आम्हाला पुढं कळलं. सवय आधी लागली.

मेसिए हा पॅरिसचा धूमकेतू शोधणारा. धूमकेतूसारख्या दिसणाऱ्या, पण जागा न सोडणाऱ्या धूसर ठिपक्यांनी फसगत होऊ नये म्हणून त्याने यादी केली; एम ४ मधला 'एम' त्याच्याच नावाचा. १७८१ पर्यंत तीत १०३ नोंदी झाल्या. पण आकाशातला सगळ्यात देखणा गोलाकार तारकागुच्छ, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी, तीत नाही. पॅरिसहून तो उगवतच नाही! हॅलेने तो १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून नोंदवला होता. कोल्हापुरातून तो दक्षिण क्षितिजाच्या वर सव्वीसेक अंश चढतो. शोधायलाही सोपा. मे महिन्यात रात्री दहा-साडेदहाला चित्रा दक्षिणेला उंच आली की तिच्या सरळ खाली छत्तीस अंश उतरायचं. नुसत्या डोळ्यांना धूसर तारा, सहा इंचीतून मात्र कडेकडेनं तारे सुटे होऊ लागतात. अंतर सुमारे १७,००० प्रकाशवर्षं, तारे कोटीच्या घरात. "पॅरिसवाल्याच्या नशिबात नव्हतं, तुमच्या आहे. बघून घ्या," सर म्हणाले होते.

आता मोबाइलवर बोट टेकलं की दुर्बीण आपसूक वळते. शहरातल्या उजेडात, जिथं वाटेतले तारेच दिसत नाहीत, तिथं ती सोय बरीच म्हणायची. पण पन्हाळ्यावर तिची गरज नाही. तिथून कोल्हापूरचा झगमगाट आग्नेयेला राहतो, दक्षिण अजून बरी आहे. मेच्या अमावास्येलाच जा. जूनवर ढकललंत तर नुसतं धुकं नि पाऊस.