बेस बनवून घेताय? मग आधी नेकबद्दल बोला

माझा हाताने बनवलेला बेस (बेस गिटार) बघितला की लोक पहिला प्रश्न विचारतात तो लाकडाचा, बॉडी कशाची आहे, वरची फळी कुठली, ते रेषा-रेषांचं दिसतंय ते काय आहे वगैरे. नेकचं, म्हणजे डाव्या हातात धरायच्या लांब दांड्याचं, माप मात्र आजवर फारच थोड्या जणांनी विचारलंय आणि ज्यांनी विचारलं ते सगळे रोज चार-पाच तास वाजवणारे होते. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण सध्या ओळखीतले बरेच जण कस्टम बेस करून घ्यायच्या विचारात आहेत आणि मला पाठवलेल्या प्रत्येक स्पेक शीटमध्ये (वाद्य कसं हवं त्याच्या यादीत) पहिल्या पाच ओळी दिसण्याच्या असतात. माझं म्हणणं सरळ आहे, पैसे आणि वेळ दोन्ही नेकमध्ये, मापात आणि वजनात घाला, बाकीचं नंतर बघता येतं.

मुळात आपण सगळे ज्या मापाला बेसचं माप समजतो ते अमेरिकेतले गिटारी बनवणारे लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस काढला तेव्हाचं आहे, ३४ इंच स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात ती घोडी) साधारण ८६४ मिलिमीटर. चांगलंच माप आहे ते, वाद नाही, सत्तर वर्षं जग त्यावर वाजवतंय. पण ते कोणा एका हाताचं माप नाही. माझा पंजा लहान आहे. फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. ३४ इंचावर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर होतं जवळजवळ १३ सेंटिमीटर, एका बोटाला एक फ्रेट या हिशोबाने तिथे अख्खी रात्र वाजवायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी मनगट धरून बसायचं. ३२ इंचावर हेच अंतर १२.२ सेंटिमीटर होतं. ऐकायला पाऊण सेंटिमीटर काहीच वाटत नाही पण करंगळीला विचारा. आणि आखूड स्केल म्हणजे खेळणं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, हॉफ्नरचा तो व्हायोलिनच्या आकाराचा बेस, पॉल मॅकार्टनी वाजवतात तो, तो ३० इंची आहे.

आता स्केल कमी केलं की तारांचा ताण पण कमी होतो हे लक्षात ठेवा. तीच तार, तोच सूर, पण ३४ चं ३२ केलं तर ताण अकरा-एक टक्क्यांनी उतरतो, कारण तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे ४५ ते १०५ चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सेट वापरत असाल तर ३२ वर तो थोडा लुळा वाटणार, मग ५० पासूनचा सेट घ्या आणि नटचे खाचे त्याच जाडीला कापून घ्या. हे ऑर्डर देतानाच सांगायचं. आणि पाच तारांचा हवा असेल, खालच्या बी साठी, तर माझा सल्ला उलटा आहे, तिथे ३४ किंवा ३५ च घ्या, कारण तो बी ३१ हर्ट्झच्या आसपासचा सूर आहे आणि आखूड तारेवर तो घट्ट येत नाही, गुरगुरतो नुसता. डिंगवॉलवाले कॅनडात तिरक्या फ्रेटचे बेस करतात ते यासाठीच, जाड तार लांब आणि बारीक तार आखूड.

मापासाठी माणूस किती मागे लागू शकतो याचं माझ्या डोळ्यासमोरचं उदाहरण म्हणजे अमेरिकन बेसवादक अँथनी जॅक्सन. त्यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्ल थॉम्पसन यांच्याकडून सहा तारांचा बेस करून घेतला, तेव्हा ही कल्पनाच लोकांना विचित्र वाटायची. पण त्या पहिल्या वाद्यात तारांमधलं अंतर त्यांना कमी पडलं. मग केन स्मिथ, मग ब्रुकलिनचे फोडेरा, असं वर्षानुवर्षं एकामागून एक वाद्य करून घेत ते शेवटी ३६ इंच स्केल आणि तारांमधल्या ऐसपैस अंतरावर येऊन स्थिरावले. त्या सगळ्या प्रवासात चर्चा मापांचीच आहे, आणि म्हणून मला तो माणूस इतका आवडतो.

आणि हे आपल्याकडे नवीन आहे का तर अजिबात नाही. मिरजेत तंबोरा करायला टाकला की आवाज बाईचा की पुरुषाचा, पट्टी कुठली, हे आधी ठरतं आणि त्यावर लांबी ठरते. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन पण मिळालं. गाणाऱ्याचा गळा विचारून वाद्य करणारी परंपरा शेजारी असताना आपण इलेक्ट्रिक वाद्याच्या बाबतीत मात्र कॅटलॉगमधलं माप मुकाट घेतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझा बेस पुण्यातच झाला. ज्यांनी केला ते काका (त्यांना नाव छापलेलं आवडत नाही) आधी पेट्या दुरुस्त करायचे, मग गिटारींचं सेटअप करता करता स्वतःच करायला लागले. त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी स्पेक शीट बाजूला ठेवली आणि म्हणाले, "तुझा रोजचा बेस दे, आणि वाजव, माझ्याकडे बघू नकोस." मी वाजवत होते आणि ते माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघत होते, अंगठा नेकच्या मागे कुठे टेकतो, वर जाताना सरकतो का. मग कॅलिपरने माझ्या बेसची जाडी पहिल्या फ्रेटला आणि बाराव्या फ्रेटला मोजून भिंतीवरच्या वहीत लिहिली.

नेक घडवायचं काम मी पूर्ण बघितलं, आणि बनवून घेणाऱ्या प्रत्येकाने शक्य असेल तर तेवढा दिवस तरी तिथे जाऊन बसावं. मेपलचे तीन तुकडे, मधे शिसवीची पातळ पट्टी, रेषा उभ्या येतील अशा चिकटवलेले, आत ट्रस रॉड (नेकचा वाक कमी-जास्त करायची सळई) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या दोन कांड्या. तो चौकोनी ठोकळा शिकंज्यात धरून काका आधी रास्पने (खडबडीत कानशीने) दोन टोकांचा आकार काढतात, पहिल्या फ्रेटजवळ एक आणि बाराव्याजवळ एक, आणि मग मधला भाग स्पोकशेव्हने (दोन मुठींच्या छोट्या रंध्याने) सरळ जोडत जातात. दर थोड्या वेळाने नेक काढून माझ्या हातात. मी म्हणलं, "काका, वरच्या खांद्याला अजून थोडं घ्या ना, तिथे टोचतंय." तर म्हणाले, "अगं थांब जरा, आज एवढंच. लाकूड मोकळं झालं की हलतं, आठवडाभर बसू दे त्याला, मग घेऊ." आणि खरंच, पुढच्या वेळी त्यांनी पट्टी लावून दाखवलं, अगदी केसाएवढा वाक आला होता, तो रंधून काढल्यावरच शिसवीचा फिंगरबोर्ड चिकटवला. कारखान्यात हा आठवडा मिळतोच असं नाही. हाताने केलेल्या वाद्याचे जास्तीचे पैसे कशाचे असं कोणी विचारलं तर मी हा आठवडा सांगते.

शिसवीबद्दल थोडं. जगभरच्या गिटारींवर जो इंडियन रोझवुडचा फिंगरबोर्ड असतो तो आपल्याच सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या झाडाचा, डालबर्जिया लॅटिफोलिया. २०१७ पासून सगळ्या डालबर्जियांवर साइट्सची (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रं लागायला लागली आणि परदेशी कंपन्यांची धावपळ झाली, २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. आपल्याला फिंगरबोर्डपुरती शिसवी इथेच मिळते, फक्त नीट वाळलेली आणि पावतीची घ्या. बॉडीला मी तूण घेतलं, महोगनीच्या कुळातलं आणि वजनाला हलकं, सतारीला पण वापरतात. सागवानाचा हट्ट बरेच जण करतात, घरातल्या जुन्या दाराचं वगैरे, भावना समजते मला, पण जाड बॉडी सागाची केली तर खांदा भरून येतो.

वजनाचं आणि तोलाचं सांगायचं राहिलं. नुसतं हलकं असून चालत नाही, बॉडी हलकी आणि हेडस्टॉक (नेकचं वरचं टोक, जिथे तारा पिळायचे ट्यूनर असतात) जड झाला की नेक खाली झुकते आणि डावा हात वाजवायचं सोडून नेक उचलून धरायला लागतो. यावर उपाय दोन, बॉडीचं वरचं शिंग लांब ठेवायचं म्हणजे पट्ट्याचं बटन बाराव्या फ्रेटच्या रेषेत येतं, आणि ट्यूनर हलके घ्यायचे. काकांनी कच्च्या बॉडीला नेक बोल्ट करून, ट्यूनर लावून, पट्ट्याने माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाले हात सोड. मी सोडले, नेक हळूहळू खाली आली. मग हिपशॉटचे अल्ट्रालाइट मागवले, परत तोच प्रयोग, तेव्हा जागेवर राहिली. साडेतीन किलोच्या आत बसलं सगळं मिळून. अॅक्टिव्हावर पाठीला लावून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून जाणाऱ्या बाईला या आकड्याची किंमत कळते.

हवेचं पण बोला तुमच्या कारागिराशी. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत ऐंशी-नव्वद टक्के दमटपणा आणि एप्रिल-मेच्या दुपारी पुण्यात तोच पंचवीसपर्यंत खाली. लाकूड फुगतं, आक्रसतं, उन्हाळ्यात फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला ओरखडे काढतात. युरोपातून मागवलेल्या अतिशय देखण्या वाद्यांची ही अवस्था मी बघितलीय. कार्बनच्या कांड्या, फ्रेटच्या खाचा कडेला बंद ठेवणं, आणि ट्रस रॉडचा नट बाहेरून सहज फिरवता येईल असा ठेवणं, या तीन गोष्टी आपल्या हवेत चैन नाहीत. मुंबई-कोकणातले असाल आणि हाताला घाम येत असेल तर फ्रेट स्टेनलेस स्टीलचे घ्या, बसवायला त्रास आहे म्हणून कारागीर जास्त पैसे मागेल, द्या.

पिकअपचा (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या चुंबक-कॉइलचा) विषय लोक खूप ताणतात, मी थोडक्यात संपवते. मी एकच स्प्लिट पिकअप घेतला, फेंडरने १९५७ मध्ये प्रिसिजनला लावला तसा, दोन अर्धे तुकडे उलटसुलट गुंडाळलेले, त्यामुळे गुणगुण एकमेकांत विरते. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. गणपतीच्या मांडवात जनरेटर, लायटिंगचे डिमर आणि अर्थिंगचा पत्ता नाही, अशा ठिकाणी सिंगल कॉइल जी ५० हर्ट्झची गुणगुण देतो ती बेसच्या खालच्या जी च्या, म्हणजे ४९ हर्ट्झच्या, अगदी मांडीला मांडी लावून बसते. इक्यूने ती काढायला गेलात तर सूर पण जातो. जॅझ बेसचा (फेंडरचाच, दोन पिकअपचा) आवाज हवा असेल तर दोन्ही पिकअप सारख्या व्हॉल्यूमला ठेवले की गुणगुण जाते, पण एक कमी केला की परत हजर, म्हणून त्याच मापाचे हमकॅन्सलिंग (स्वतःच गुणगुण मारणारे) करून घ्या. आणि स्केल बदललं असेल तर पिकअपची जागा पण त्याच प्रमाणात ब्रिजकडे सरकवायची, नाहीतर आवाज गोल गोल होतो आणि बँडमध्ये बुडतो. हे मी आग्रहाने कागदावर लिहून दिलं होतं.

प्रीॲम्प (आवाज वाढवून घडवणारं, बॅटरीवर चालणारं सर्किट) मी बेसमध्ये बसवलाच नाही. म्युझिक मॅन स्टिंगरेने १९७६ पासून अॅक्टिव्ह (म्हणजे असं सर्किट आतच असलेला) बेस घराघरात नेला, छान आवाज असतो, पण मला ऐन गाण्यात बॅटरी जाण्याची भीती वाहायची नाही. त्याऐवजी एका ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मुलाकडून पायाखालचा प्रीॲम्प-डीआय (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणारा) पेडल बनवून घेतला, जाड ॲल्युमिनियमचा डबा, तीन नॉब, ग्राउंड लिफ्टचा (अर्थिंगची गुणगुण तोडायचा) स्विच, आणि एक्सएलआरचं (मिक्सरकडे जाणाऱ्या केबलचं) सॉकेट बाजूला न ठेवता मागे, कारण स्टेजवर शेजारच्याचा पाय नेहमी बाजूलाच लागतो. असल्या बारीक गोष्टी दुकानातल्या पेडलमध्ये आपल्या मनासारख्या मिळत नाहीत आणि बनवणाऱ्याला सांगितल्या तर तो आनंदाने करतो.

व्यवहाराचं एवढंच की मापं, वजनाची वरची मर्यादा, तारांमधलं अंतर (माझं ब्रिजला १९ मिलिमीटर, नटला ३८ मिलिमीटर रुंदी) हे सगळं लिहून दोघांनी सही करा, पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि पहिल्या पावसाळ्यानंतरचं सेटअप किमतीत धरून घ्या. कस्टम वाद्य विकायला गेलात तर पैसे निम्मे पण येत नाहीत बऱ्याचदा, त्यामुळे विकायच्या हिशोबाने करूच नका.

नेक बोल्टचीच का घेतली, थ्रू (बॉडीतून आरपार जाणारी) का नाही, असं पण विचारतात. दिसायला थ्रू नेक सुंदर असते, वरच्या फ्रेटना हात पण छान जातो, पण बोल्टची असली की उद्या त्याच बॉडीला दुसरी नेक लावता येते. आणि आता तेच चाललंय, काकांकडे फ्रेटलेस (फ्रेट नसलेली) नेक करायला टाकलीय, त्याच ३२ इंच मापाची, तीच जाडी. फ्रेटलेससाठी प्रसिद्ध अमेरिकन बेसवादक जेको पास्टोरियस यांनी फ्रेट काढलेल्या जॅझ बेसच्या बोर्डावर इपॉक्सी चढवलं होतं ते राउंडवाउंड (खरखरीत गुंडाळीच्या) तारा लाकूड खातात म्हणून, मला पण तो चमकदार आवाज हवाय. काका म्हणतात फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या तारा) लाव आणि शिसवी उघडी राहू दे, बोर्ड खराब झाला तर पुढे मी रंधून देईन. पुढच्या शनिवारी दोन्ही तऱ्हेचे नमुने लावून ऐकायचं ठरलंय, रेकॉर्डिंग करून इथे टाकते.