मंगळावरून आलेले आमच्याच लाइनवर उतरले होते

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून वोकिंगची गाडी पकडली की सरबिटन, वॉल्टन, वेब्रिज, बायफ्लीट अशी स्टेशनं ओळीने येत जातात. इथल्या माणसाला ती ऑफिसच्या वाटेवरची नावं. मला मात्र ती आधीपासून पाठ होती, कारण मराठी शाळेत असतानाच मी मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या हल्ल्याची एच. जी. वेल्सची कादंबरी 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' वाचली होती आणि त्यातल्या युद्धाच्या बातम्या याच गावांतून येत होत्या. त्या वयात ही गावं मला मंगळाइतकीच लांबची वाटायची. आता सरी परगण्यात राहायला आल्यावर त्यातली निम्मी माझ्या मासिक पासात बसतात.

एच. जी. वेल्स १८९५ मध्ये वोकिंगला राहायला आला. मेबरी रोडवर, रेल्वे लाइनच्या समोर छोटं घर होतं. तिथे तो सायकल चालवायला शिकला, आणि सायकलवरून फिरताना आपले मंगळवासी कोणतं घर पाडतील, कोणाला मारतील हे ठरवत असे. तसं त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय. १८९७ मध्ये कथा मासिकातून क्रमशः आली, १८९८ मध्ये पुस्तक निघालं. त्यात मंगळवासीयांना घेऊन आलेला पहिला सिलिंडर पडतो तो वोकिंगच्या उत्तरेला, हॉर्सेल कॉमनवर, वाळूच्या एका खाणीत.

ती खाण अजून आहे. पाइन आणि बर्चच्या झाडीतून पायवाटेने आत गेलं की जमीन एकदम खाली उतरते. पिवळसर वाळूचे उतार, तळाशी उथळ पाणी, कडेला हेदरची झुडपं. ऑगस्टमध्ये हेदर जांभळं होतं. लोक कुत्री फिरवायला येतात, मुलं वाळूवरून घसरतात. पुस्तकात इथे आधी बघ्यांची गर्दी जमते, मग सिलिंडरचं झाकण आतून फिरायला लागतं. काठावर उभं राहिलं की वेल्सने गर्दी कुठे उभी केली असेल हे बरोबर कळतं. वरून खाली सगळं दिसतं, पण खाली असलेल्या माणसाला पटकन वर चढता येत नाही, वाळू पायाखालून सरकते. ही भीती त्याने कल्पनेतून आणलेली नाही, जागेतूनच उचलली आहे.

विज्ञानकथा आणि फँटसीमधली माझी आवड कशी आहे, असं घरचे आणि मित्र नेहमी विचारतात. उत्तर या खाणीत आहे. अशक्य गोष्ट ओळखीच्या पत्त्यावर घडली पाहिजे. जिथे पोस्टमन येतो, दूधवाला येतो, गाडीला उशीर होतो, तिथे ती घडली की मी पूर्णपणे त्या कथेचा होतो. सगळी आकाशगंगाच धोक्यात आहे म्हटलं की माझं लक्ष उडतं. तिथे वाचवायला ओळखीचं कोणीच नसतं. पडद्यावर शहरंच्या शहरं कोसळतात आणि मला एकाही गल्लीचं नाव कळत नाही, तेव्हा मी उठून चहा करायला जातो.

वेल्सची कथा पुन्हा सांगणाऱ्यांनी हे मर्म बरोबर पकडलं. ३० ऑक्टोबर १९३८ला ऑर्सन वेल्सने (हा वेगळा वेल्स, अमेरिकन नट-दिग्दर्शक) अमेरिकन रेडिओवर ती सादर केली तेव्हा सिलिंडर वोकिंगला पडलाच नाही, न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिलला पडला. १९५३च्या चित्रपटात तो कॅलिफोर्नियाला गेला. ऐकणाऱ्याचा आणि पाहणाऱ्याचा पत्ता बदलला की कथेचाही बदलला. या सगळ्यांत मला आवडतं ते मात्र १९७८ मध्ये जेफ वेननं केलेलं संगीतरूप. त्यात निवेदन रिचर्ड बर्टनच्या आवाजात आहे आणि कथा पुन्हा इंग्लंडात परतली आहे. घर रिकामं असताना, मोठ्या आवाजात, एका बैठकीत ऐकावं असं ते आहे.

हॉर्सेल कॉमनच्या एका टोकाला आणखी एक जागा आहे, तिच्याबद्दल सांगायलाच हवं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या ज्या मुस्लिम सैनिकांचा इंग्लंडात मृत्यू झाला, त्यांची ही दफनभूमी. विटांची भिंत, घुमटाचं प्रवेशद्वार, चहूबाजूंनी झाडं. १९६८ मध्ये इथले अवशेष जवळच्या ब्रुकवुड लष्करी दफनभूमीत हलवले गेले; आता इथे शांतता उद्यान आहे. वेल्सच्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात, मंगळवासीयांना दोष देण्याआधी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा युरोपीय लोकांनी कसा संहार केला ते आठवा, असं तो वाचकाला बजावतो. साम्राज्य ऐन भरात असताना लिहिलेलं हे वाक्य. शाळेत मी त्यावरून सरळ पुढे गेलो होतो, मला तेव्हा सिलिंडर कधी उघडतो एवढीच घाई होती. इथे, त्या भिंतीपासून चालत वाळूच्या खाणीपर्यंत गेल्यावर ते प्रकरण मी पुन्हा वाचलं. आज मला पुस्तकातलं सर्वांत धाडसी पान तेच वाटतं.

वोकिंग गावाने हा वारसा अभिमानाने मिरवला आहे. मायकेल कॉन्ड्रननं केलेलं सात मीटर उंच, तीन पायांचं स्टीलचं मंगळयंत्र, म्हणजे पुस्तकातल्या मंगळवासीयांच्या युद्धयंत्राचं शिल्प, १९९८ पासून भर वस्तीत उभं आहे. त्याच्या पायांमधून बाबागाड्या जातात. पाहुण्यांना मी आधी तिथेच नेतो.

पण खरी मजा शेपर्टनची. वेब्रिजजवळ वे नदी थेम्सला मिळते आणि पलीकडे शेपर्टन. वेल्सने या संगमावर पळणाऱ्या माणसांची झुंबड उडवली आहे: नावा कमी, माणसं जास्त, आणि मागून येणारी ती यंत्रं. एक यंत्र तोफगोळा लागून नदीत कोसळतं आणि थेम्सचं पाणी उकळू लागतं. तिथे आजही होडी चालते. काठावरची घंटा वाजवायची, की पलीकडून नाववाला येतो. पार व्हायला काही मिनिटंच लागतात, पण पुस्तक वाचलेल्या माणसाची नजर आपोआप चर्ट्सीच्या कुरणांकडे वळते.

ज्या गावाची वेल्सने राख केली, त्याच गावात पुढे १९३०च्या दशकात फिल्म स्टुडिओ उभा राहिला. '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटातला चंद्रावरचा तो खड्डा, ज्यात काळी शिळा सापडते, तो १९६५च्या डिसेंबरअखेरीस शेपर्टनमध्येच चित्रित झाला. 'एलियन'चं चित्रीकरणही इथलंच, १९७८ मधलं. आणि १९६० पासून अनेक दशकं याच गावातल्या एका साध्या, जोडभिंतीच्या घरात जे. जी. बॅलर्ड राहिला. शांघायमध्ये जन्मलेला हा लेखक युद्धानंतर इंग्लंडात आला, आणि इथे बसून त्याने पाण्याखाली गेलेलं, उष्ण दलदलीचं लंडन लिहिलं. पुढे एका कादंबरीत त्याने खुद्द शेपर्टनमध्येच जंगल उगवलं. परदेशातून आलेल्या माणसाला इथली नीटनेटकी गल्ली किती विचित्र दिसू शकते, हे बॅलर्डइतकं नेमकं मला दुसऱ्या कोणी दाखवलेलं नाही. त्याच्या गोष्टी थंड असतात, माया कमी असते, सगळ्यांना रुचतील असं नाही. मला त्या लागतात.

टीव्हीवर माझं पहिलं प्रेम 'डॉक्टर हू'. कारण पुन्हा तेच: काळातून प्रवास करणारं यान कोपऱ्यावरच्या पोलीस बॉक्सच्या, म्हणजे पोलिसांना फोन करायच्या निळ्या खोक्याच्या रूपात येतं. २३ नोव्हेंबर १९६३ला मालिका सुरू झाली तेव्हा असे बॉक्स रस्त्यांवर खरोखर असायचे. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौला जन्मलेला, निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट तरुण स्त्री. त्या काळच्या बीबीसीत दोघंही वेगळेच. डेलिया डर्बिशायरने ते सुरुवातीचं संगीत टेपचे तुकडे कापून, जोडून घडवलं. पुढे बीबीसीने जुन्या टेपा पुसल्या आणि साठच्या दशकातले कितीतरी भाग गेले. तरी त्यांचा आवाज उरला, कारण घराघरांतल्या चाहत्यांनी तो टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतला होता. त्या अनोळखी लोकांचे मी मनापासून आभार मानतो. चित्राशिवाय नुसता आवाज ऐकत पाहिलेले ते भाग मला आजच्या चकचकीत भागांपेक्षा जास्त धरून ठेवतात.

अशक्य गोष्ट ओळखीच्या पत्त्यावर आणायचं हे काम मराठीत जयंत नारळीकरांनी केलं. १९५७ मध्ये ते केंब्रिजला आले, आणि त्याच वर्षी त्यांचे पुढचे गुरू फ्रेड हॉइल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी आली, तिच्यात केंब्रिजचेच खगोलशास्त्रज्ञ आहेत. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला जातात, आणि ती मुंबई भलतीच निघते, कारण त्या जगात पानिपतावर विश्वासराव वाचला आहे. ते थेट टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकं काढून बसतात. इतिहास बदलल्याचा पुरावा म्हणून खिशात उरतं ते एक फाटकं पान! मला या कथेची मालिका पाहायची आहे, फार मोठ्या खर्चाची नको, ग्राफिक्सही बेताचे चालतील. गंगाधरपंत मात्र खऱ्या टाउन हॉलच्या खऱ्या पायऱ्या चढताना दिसले पाहिजेत, आणि रस्त्यावरच्या पाट्या दिग्दर्शकाने एक-एक करून बदललेल्या असल्या पाहिजेत.