आमची वाटचाल : कारटेपपासून डॅशकॅमपर्यंत

डॅशकॅम, म्हणजे काचेला लावून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, बसवून गाडी ताब्यात दिली की गिऱ्हाईक आधी काचेकडे बघतं, मग छताकडे, मग पायाशी, आणि विचारतं, "वायर कुठंय?" वायर दिसत नाही म्हणून खूश होतं आणि त्याच दमात म्हणतं, "मग एवढे पैसे कसले?" आमचा सगळा धंदा या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत चालतो.

१९९८ साली पुण्यात नाना पेठेत एका पोटमाळ्यावर सुरुवात केली, तेव्हा आम्ही दोघं होतो. मी आणि मास्तर. मास्तर मूळचे रेडिओ दुरुस्तीवाले, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. भागीदारी कागदावर कधी झालीच नाही. गल्ला संध्याकाळी मोजायचा, भाडं बाजूला काढायचं, उरलं ते अर्धं अर्धं. काम कारटेपचं. मारुती ८००च्या मागच्या ट्रेला भोकं पाडून स्पीकर, डॅशबोर्डात टेप, छतावर अँटेना. मास्तरांचा एकच नियम होता : "गाडीची वायर कापायची नाही. कापली की ती गाडी कंपनीची राहत नाही, आपली होते. मग जन्मभर आपल्या गळ्यात." तेव्हा पेठेत सगळे ब्लेडनं वायर सोलून पीळ मारायचे आणि वरून काळी टेप गुंडाळायचे. आम्ही कपलरला, म्हणजे वायरींच्या टोकाच्या प्लॅस्टिकच्या जोडाला, कपलर जोडायचो. कपलर मिळाला नाही तर जुन्या बाजारातून मोडक्या गाडीचा आणायचो. वेळ दुप्पट जायचा आणि पैसे तेवढेच मिळायचे.

हत्यारांचं सांगतो. ट्रिम, म्हणजे गाडीच्या आतली प्लॅस्टिकची कव्हरं, काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आता कुठल्याही दुकानात सेटमध्ये मिळतात. तेव्हा मास्तरांनी जुन्या टूथब्रशच्या दांड्या पॉलिश पेपरवर घासून केलेल्या होत्या. स्क्रूड्रायव्हर घालून ट्रिम उचकटणाऱ्याला ते दुकानात उभं करायचे नाहीत. प्लॅस्टिकवर एकदा वळ उठला की तो गाडी विकेपर्यंत दिसतो. वायर ओढायला खिडकीच्या पडद्याची स्प्रिंग. वर प्लॅस्टिकचं वेष्टण असल्यानं ती आतल्या वायरींना खरचटत नाही, आणि वाकते पण दुमडत नाही. ती स्प्रिंग मी आजही वापरतो. काळी पीव्हीसी टेप मात्र कायमची सोडली. एप्रिल-मेच्या उन्हात तिचा डिंक पातळ होतो, टेप सुटते, आणि पुढच्या खड्ड्यात पिलरच्या, म्हणजे काचेच्या कडेच्या खांबाच्या, आतून कटकट ऐकू येते. आता टेसाची कापडी टेप. महाग आहे. पण आवाज येतो म्हणून गाडी परत आलेली नाही.

२०१२चं थोडक्यात आटपतो, कारण त्या वर्षी सगळेच बुडाले. आम्ही गाडीच्या काचांना काळी फिल्मही लावायचो. सुप्रीम कोर्टाचा त्या फिल्मवरच्या बंदीचा निकाल २७ एप्रिलला आला आणि ४ मेपासून लागू झाला. माळ्यावरचे रोल एका आठवड्यात रद्दी झाले. त्या उन्हाळ्यात आम्हीच लावलेल्या फिल्म आम्हीच खरवडून काढल्या. पाठोपाठ कंपन्या गाडीतच टचस्क्रीन देऊ लागल्या आणि टेपचा धंदाही गेला. मास्तरांना तोवर बारीक वायर दिसेनाशी झाली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते घरी बसले. पेठ सोडून मी सिंहगड रोडला एक गाळा घेतला. मधली वर्षं रिव्हर्स कॅमेरे आणि सेन्सरवर निघाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

डॅशकॅम आले आणि मास्तरांची शिकवण पुन्हा कामाला आली. लोकांना वाटतं कॅमेरा म्हणजे काचेला चिकटवायचा आणि वायर दाबून टाकायची. कॅमेरा चिकटवणं दहा मिनिटांचं काम आहे. काच स्पिरिटनं पुसायची, आरशामागच्या काळ्या ठिपक्यांवर टेप लावायची नाही, तिथं ती धरत नाही. फास्टॅगवर चढायचं नाही, वायपर फिरतो त्या भागाबाहेर जायचं नाही. हल्लीच्या गाड्यांत काचेमागे कंपनीचा स्वतःचा कॅमेरा असतो, त्याच्या नजरेत यायचं नाही.

खरं काम पिलरमध्ये आहे. ज्या गाडीत कर्टन एअरबॅग, म्हणजे धडकेत बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी बॅग, आहे, तिच्या छताच्या कडेनं आणि पिलरच्या कव्हरामागे ती बॅग घडी करून ठेवलेली असते. वायर तिच्या मागून, कंपनीच्या हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, धरून न्यायची. पुढून नेली, तर बॅग फुटेल तेव्हा वायर तिच्या वाटेत येईल. आणि बाहेरून बघाल तर दोन्ही कामं सारखीच दिसतात! म्हणून आमच्याकडे कव्हर हातानं दाबून वायर आत सरकवत नाहीत, कव्हर उतरवतात. पिवळा कपलर दिसला की हात मागे. तो एअरबॅगचा असतो आणि त्याला टेस्ट लँपही लावायचा नसतो.

खाली फ्यूज बॉक्समध्ये हार्डवायर किटच्या, म्हणजे कॅमेऱ्याला थेट गाडीच्या फ्यूजमधून करंट देणाऱ्या जोडणीच्या, तीन वायरी. लाल, किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजवर. पिवळी, कायम चालू असणाऱ्या फ्यूजवर. काळी अर्थला, आणि अर्थ म्हणजे बॉडीचा खरा बोल्ट, प्लॅस्टिकमध्ये घुसवलेला स्क्रू नव्हे. फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून नवी वायर काढून देणारा जोड, लावताना एअरबॅग आणि ब्रेकचे फ्यूज सोडून द्यायचे, जागा कितीही सोयीची असली तरी. फ्यूजची जात आधी बघायची. मिनी, लो प्रोफाइल, मायक्रो, तिन्ही वेगळे. बसत नाही म्हणून पक्कडीनं दाबणारे मी पाहिलेत.

आता त्या पोराबद्दल. नाव घेत नाही, घेतलं तर त्याचीच जाहिरात होईल. आमच्याच दुकानात पाना धरायला शिकला. चार वर्षं राहिला, जेवणाचा डबा माझ्या घरून यायचा. मग आमच्यापासून हाकेच्या अंतरावर गाळा घेतला आणि बोर्ड लावला : 'डॅशकॅम फिटिंग फुकट, २० मिनिटांत'. वीस मिनिटांत कव्हर उतरवून, वायर बांधून, मीटर लावून काम होत नाही. त्यानं केलेल्या गाड्या पुढे माझ्याकडे येऊ लागल्या. पिलर उघडला की वायर बॅगेवर आडवी. करंट घेतलेला छतातल्या दिव्यातून, वायर सोलून. मी गिऱ्हाइकाला दाखवायचो, ते मान हलवायचं, आणि पुढच्या गाडीला पुन्हा तिकडंच जायचं. फुकट होतं ना.

मार्च २०२०मध्ये लॉकडाउन लागला. गाड्या पार्किंगमध्ये जागच्या जागी राहिल्या. जूनमध्ये लोकांनी किल्ली फिरवली आणि शहरभर बॅटऱ्या बसलेल्या निघाल्या. तेव्हा या पोरानं सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरवलं, की फ्यूजमधून कनेक्शन दिलेल्या कॅमेऱ्यांमुळेच बॅटऱ्या जातात. हार्डवायर करणारे आमच्या भागात आम्हीच. रोज फोन. कुणाला नव्या बॅटरीचे पैसे हवे, कुणाला कॅमेरा काढून हवा. एका शोरूमच्या सर्व्हिसवाल्यानं तर गाडी न उघडताच जॉब कार्डवर 'बाहेरचं फिटिंग' असं लिहून मोकळं केलं. दोन पोरं गावी गेली ती परत आली नाहीत. गाळ्याचं भाडं थकलं. बायकोनं बांगड्या पुढे केल्या, मी नको म्हटलं, पण पुढच्या महिन्यात घेतल्या.

यातून बाहेर काढलं अण्णांनी. अण्णा टुरिस्टवाले. मास्तरांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, पहिली अँबेसेडर असल्यापासून. त्यांच्या एर्टिगा आणि डिझायर एका मोकळ्या प्लॉटवर उभ्या होत्या. काहींना आमचा कॅमेरा होता, काहींना नव्हता. बॅटऱ्या सगळ्यांच्याच बसल्या होत्या. अण्णांनी मला फोन करून एवढंच म्हटलं, "अरे, ज्यांना कॅमेरा नाही त्यांची बॅटरी कुणी खाल्ली?" मग त्यांच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला बोलावलं, सेक्रेटरीला खाली आणलं, आणि ज्यांनी ग्रुपवर मला शिव्या घातल्या होत्या त्यांनाही. सगळे मास्क लावून लांब लांब उभे.

दर आठवड्याला चालू केली जाणारी एक गाडी निवडली. बॉनेट उघडं, पण त्याचं आणि दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं फिरवून घेतलं, म्हणजे गाडीला सगळं बंद आहे असं वाटतं. बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडवून मधे मीटर. आधी दहा अँपिअरच्या खाचेत, मग अर्धा तास थांबायचं. गाडी लगेच झोपत नाही, तिचे मॉड्यूल एकेक करून बंद होतात. बॅटरी १२.१ व्होल्टवर होती. आमच्या किटचा कटऑफ, म्हणजे बॅटरी ज्याच्या खाली गेली की कॅमेऱ्याचा करंट तुटतो तो आकडा, १२.२ला लावलेला, त्यामुळे कॅमेरा किटनं आधीच तोडला होता. आकडा २८ मिलिअँपिअरवर थांबला. दोन्ही टॅप उपसले. २४. म्हणजे आमच्या किटचे फक्त चार. मी सेक्रेटरींनाच आकडा मोठ्यानं वाचायला लावला.

मग हिशोब सांगितला. बंद गाडीसुद्धा रिमोट, लॉक, घड्याळ यांच्यासाठी साधारण ३० मिलिअँपिअर खाते. म्हणजे दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या आसपास, दोन महिन्यांत ४३. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ ते ४५ची असते. कॅमेरा पार्किंग मोडमध्ये, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू राहिला तर, याच्या आठ-दहा पट खातो हे खरं आहे, मी ते तेव्हाही लपवलं नाही. पण त्यासाठीच कटऑफ असतो. १२.२ म्हणजे बॅटरी साधारण निम्मी. तिथं किट कॅमेरा तोडतं आणि पुढची सगळी खादाडी गाडीची स्वतःची. कटऑफ ११.६वर ठेवला असता तर बोलणी मला बसायलाच हवी होती. आम्ही तसा ठेवत नाही.

सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी ग्रुपवर दोन आकड्यांचे फोटो टाकले. माफी कुणी मागितली नाही. पण बॅटरीच्या पैशांचे फोन थांबले, आणि दिवाळीच्या आधी अण्णांनी उरलेल्या गाड्यांनाही कॅमेरे बसवून घेतले. पैसे आगाऊ दिले. बांगड्या सुटल्या.

तेव्हापासून प्रत्येक गाडीचा पिलर झाकायच्या आधी फोटो काढतो आणि गिऱ्हाइकाला पाठवतो. फ्यूज बॉक्सचा वेगळा, कटऑफच्या बटणाचा वेगळा. शेजारचा बोर्ड अजून आहे, फक्त 'फुकट' पुसून '४९९' लिहिलंय.

कॅमेरा ऑनलाइन घेऊन येणाऱ्यांना एक सांगतो, विचारलं नसलं तरी. आत लिथियमची बॅटरी असलेला घेऊ नका, सुपरकपॅसिटरचा, म्हणजे बॅटरीऐवजी थोडा करंट साठवणारा भाग असलेला, घ्या. उन्हात उभ्या गाडीत बॅटरी फुगते. कार्ड हाय एन्ड्युरन्सचं, म्हणजे सततचं लिहिणं सोसणारं, घ्या, मोबाइलमधलं जुनं कार्ड सतत लिहून लिहून मरतं, आणि ते मेलंय हे अपघात झाल्यावर कळतं. मागचा कॅमेरा हवा असेल तर आधीच सांगा, डिकीच्या रबरी नळीतून वायर न्यायला वेगळा वेळ लागतो. आणि गाडी सकाळीच आणा. पुढचा कॅमेरा दीड तास, मागचा धरून तीन. घाई असेल तर शेजारी वीस मिनिटांत होतं.