लिफ्टनंतर ढिलं झालेलं स्टेअरिंग: पुणे–सातारा–चाळकेवाडी–बामणोली

गाडी पाच दारांची मारुती सुझुकी जिमनी. चारही बाजूंना मूळपेक्षा ५० मिलिमीटर उंच स्प्रिंग (हीच लिफ्ट), त्यांना जुळणारे शॉक, आणि २१५/७५ आर १५ टायर. मूळचे १९५/८० आर १५ टायर व्यासाने याहून फक्त दहाएक मिलिमीटर लहान, त्यामुळे पुढे जे काही दिसलं त्याचं खापर टायरच्या मापावर फोडता येत नाही. लिफ्टनंतरच्या पहिल्या लांब फेरीला हाच रस्ता घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. सरळ महामार्ग, चढाचा घाट, उघड्या पठारावरचा आडवा वारा आणि शेवटी अरुंद उतार अशी चार प्रकारची परीक्षा एकाच फेरीत होते, आणि मध्ये साताऱ्यासारखं मोठं गाव असल्यामुळे दुरुस्तीची सोयही आहे.

कात्रजचा बोगदा सोडून गाडीने वेग घेतला की पहिलं लक्षण दिसतं. ताशी ८० च्या आसपास गाडी लेनमध्ये स्थिर राहत नाही, सारखी बारीक दुरुस्ती करावी लागते. याला सरसकट ‘प्ले आलाय’ म्हणतात, आणि इथेच निदान चुकतं. स्टेअरिंग फिरवूनही चाकं लगेच हलत नसतील तर तो प्ले. चाकं लगेच हलतात, पण सोडल्यावर आपणहून सरळ होत नाहीत, तर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) गेला. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. दुसऱ्या दोषासाठी टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं) बदलत बसलात तर पैसे जातील आणि गाडी तशीच भरकटेल.

शिरवळला थांबून फुकटात होणाऱ्या तपासण्या उरकाव्यात. टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे आहे का, चाकांचे नट टॉर्क पान्याने बरोबर आवळलेले आहेत का, आणि लिफ्टच्या वेळी उघडलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची जी खूण करायला हवी ती जागची हलली आहे का. खूण केलेली नसेल तर इथे करून घ्या, साताऱ्यात उपयोगी पडेल.

खंबाटकीचा जुना चढ साताऱ्याकडे जाताना घाटातून आहे. इथे वळण संपताना हाताची पकड सैल करायची, सोडायची नाही, आणि स्टेअरिंग स्वतःहून किती परत येतं ते पाहायचं. आमची गाडी अर्ध्यावर थांबत होती. सरळ रस्त्यावरही स्टेअरिंगचं चक्र थोडं डावीकडे झुकलेलं होतं. ही दोन लक्षणं वेगवेगळ्या कारणांची आहेत, आणि झुकलेल्या चक्राला लोक उगाच क्षुल्लक मानतात.

जिमनीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड आहे. तो आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड असतो. त्याचं एक टोक चासीला, दुसरं अ‍ॅक्सलला. गाडी उचलली की हा रॉड जास्त तिरका होतो आणि अ‍ॅक्सलला चासीकडच्या टोकाच्या दिशेने काही मिलिमीटर ओढतो. ड्रॅग लिंकही (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) तिरकी होते, तिची आडवी पोहोच कमी पडते, म्हणून चक्र वाकडं बसतं. आता मुख्य मुद्दा. जिमनीचा स्टेअरिंग बॉक्स रीसर्क्युलेटिंग बॉल प्रकारचा आहे. असा बॉक्स मधोमध असताना सर्वांत घट्ट असतो, मध्यापासून दूर गेला की त्यात थोडी मोकळीक येते. चक्र वाकडं ठेवून सरळ चालणारी गाडी कायम त्या मोकळ्या भागात चालते. म्हणजे भाग एकही झिजलेला नसताना खराखुरा ढिलेपणा. शिवाय स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर ईएसपीला (घसरणं रोखायला चाकांना आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला) ‘गाडी वळतेय’ असं सांगत राहतो. मग दिवा लागू शकतो, किंवा एखाद्या चाकाला नको तेव्हा ब्रेक लागू शकतो.

साताऱ्यात सपाट जागा बघून गाडी उभी केली. क्रम असा ठेवा.

आधी गाडी चाकांवर उभी असतानाच इंजिन चालू करून एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे चौथा हिस्सा फिरवत राहायचं. दुसऱ्याने खाली बघायचं, आणि बोटं जोडांच्या फटीत न घालता वरून चपटी ठेवायची. पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं, ड्रॅग लिंक, टाय रॉडचे बॉल जॉइंट, बॉक्सचे चासीवरचे बोल्ट आणि वरच्या शाफ्टचा यू-जॉइंट. पॅनहार्डचा बोल्ट ब्रॅकेटच्या छिद्रात एक मिलिमीटर जरी हलला तरी तो दोष पक्का. छिद्र लंबगोल झालं असेल तर कितीही आवळून भागत नाही. तिथे जाड वॉशर वेल्ड करावा लागतो.

मग पुढचं चाक जॅकवर उचलायचं, मागच्या चाकांना ठोकळे लावून. वर-खाली धरून हलवलं आणि खटका लागला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खटका नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिनचं (चाक ज्या खुंटावर डावी-उजवीकडे वळतं त्याचं) बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खटका आला तर बहुधा टाय रॉड एंड.

आमच्या गाडीत पॅनहार्डचा अ‍ॅक्सलकडचा बोल्ट सैल निघाला. लिफ्टच्या कामात हे सर्रास होतं, कारण बोल्ट अ‍ॅक्सल लोंबकळत असताना आवळले जातात. गाडी खाली आली की बुश (जोडातल्या रबरी नळ्या) पिळले जातात, मग बसतात, आणि बोल्टवरचा ताण उतरतो. रबरी बुशचा प्रत्येक बोल्ट ढिला करून, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून, पुढून-मागून दाबून हलवून, मगच सर्व्हिस मॅन्युअलच्या टॉर्कला आवळायचा.

त्यानंतर ड्रॅग लिंक. पुढची चाकं सरळ ठेवा, तिच्यावरच्या स्लीव्हचे (लांबी कमी-जास्त करणाऱ्या नळीचे) दोन्ही क्लॅम्प सैल करा, स्लीव्ह थोडी थोडी फिरवत चक्र सरळ आणा, क्लॅम्प आवळा, शंभर मीटर चालवून पुन्हा बघा. काही गॅरेजमध्ये चक्रच शाफ्टच्या स्प्लाइनवरून (खाचांवरून) काढून सरळ बसवतात. ते करू देऊ नका. चक्र सरळ दिसेल, बॉक्स मात्र वाकडाच राहील. बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रूही आवळू देऊ नका. मध्यावर दाते एकमेकांवर घासू लागतात आणि स्टेअरिंग अडकतं. अ‍ॅक्सल किती सरकला ते ओळंब्याने कळतं. दोन्ही फेंडरच्या कडांवरून ओळंबा सोडून टायरपर्यंतचं अंतर मोजा, फरकाचा निम्मा म्हणजे सरकण. दहा मिलिमीटरच्या वर असेल तर लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड घ्या. नुसता पॅनहार्डचा ब्रॅकेट खाली आणण्याचा किट एकटा लावू नका. पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक समांतर राहिले नाहीत तर प्रत्येक गतिरोधकावर स्टेअरिंग हाताला झटका देईल.

साताऱ्यात व्हील अलाइनमेंटची दुकानं सहज मिळतात. ‘या गाडीत कॅस्टर अ‍ॅडजस्ट होत नाही’ असं सांगतील, ते खरं आहे. तरी टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत) आणि कॅस्टर दोन्हींच्या आकड्यांचं प्रिंट मागून घ्या.

साताऱ्याच्या बोगद्यातून सज्जनगडच्या रस्त्याला लागलं की डावी-उजवीकडची ओढ गेलेली जाणवते आणि चक्र सरळ राहतं. ठोसेघरपर्यंत काही वेगळं दिसत नाही. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांमध्ये मात्र उरलेला दोष लपत नाही. आडव्या वाऱ्याचा झोत बसला की गाडी सरकते, आणि वारा सरला तरी परत येत नाही. हा निव्वळ कॅस्टर. इथे वेग ५० च्या आत ठेवा.

कारण साधं आहे. पुढच्या अ‍ॅक्सलला दोन लांब आर्म आहेत, मागे चासीला एका बुशवर, पुढे अ‍ॅक्सलला दोन बुशवर. गाडी उचलली की आर्मचं पुढचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सल त्याच्यासोबत फिरतो, आणि किंगपिनचं वरचं टोक पुढे झुकतं. खुर्चीचं फिरतं चाक खुंटाच्या मागे ओढलं जातं म्हणून सरळ राहतं. तेच मागे राहणं इथे कमी होतं. किती गेलं ते काढता येतं. लिफ्टला आर्मच्या लांबीने भागा आणि ५७ ने गुणा. लांबी ८०० मिलिमीटर भरली तर ५० मिलिमीटरला साडेतीन अंशांच्या आसपास. आपल्या गाडीवर टेप लावून मोजा.

चाळकेवाडीनंतर कास गाठायचं. कास ते बामणोली हा उतार हळू चालवण्याचा, कॅस्टर कमी असला तरी तिथे धोका नाही. पावसाळ्यात मात्र दरडींची चौकशी करूनच उतरा. कासच्या कातळावर गाडी घालायची नाही. फुलांच्या दिवसांत नेमलेल्या जागीच पार्किंग. बामणोलीजवळच्या कच्च्या पट्ट्यावर फोर-एच (चारही चाकांना ताकद) लावून गाडी थरथरते का ते बघून घ्या. टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) पुढचे हब सुटलेले असल्याने पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) फिरत नाही, म्हणून त्याच्या जॉइंटचा दोष डांबरावर कळतच नाही. कोरड्या डांबरावर फोर-एच लावून ही चाचणी करू नका, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नसल्याने ट्रान्समिशन पिळवटतं.

परतताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतरचं एस वळण उतारावर आहे आणि मागे ट्रक असतात. कॅस्टर दुरुस्त नसेल तर वेग बोगद्यातच उतरवा.

पुण्यात आल्यावर अ‍ॅक्सलकडचे चारही बुश ऑफसेट छिद्राचे (छिद्र मध्यापासून बाजूला असलेले) बसवले. पाकिटावर अंश लिहिलेले असतात, वरच्या हिशोबाच्या जवळचे घ्या. बुश प्रेसनेच बसवा, हातोड्याने नाही, आणि चारही बुशवरच्या खुणा किटच्या कागदाप्रमाणे जुळवा. एक बुश उलटा बसला तर अ‍ॅक्सल पिळला जातो आणि बुश फाटतो. कॅस्टर परत आणताना पिनियनचं (प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो त्या गिअरचं) तोंड खाली जातं, म्हणून बामणोलीची थरथर-चाचणी यानंतर पुन्हा करायची. स्टेअरिंग किंचित जड होईल, तसंच हवं.

स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे हादरे शोषणारा छोटा शॉक) सर्वांत शेवटी. ७०-८० ला खड्ड्यानंतर पुढची चाकं जोरात थडथडू लागली तर चक्र घट्ट धरा, ते वळवून झगडू नका, हळूहळू वेग उतरवा, आणि पॅनहार्ड, किंगपिन, टायर बॅलन्स याच क्रमाने शोधा. नवा डॅम्पर हे लक्षण काही काळ दाबून ठेवतो आणि तोवर पॅनहार्डच्या बोल्टचं छिद्र आणखी मोठं होतं. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कला लावा. आणि लिफ्ट हा गाडीतला बदल आहे: मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ आणि विम्याच्या अटी दोन्ही काम सुरू करण्याआधी वाचा.